शब्दच नाहीत, तरी पोस्ट-रॉक ऐकून डोळ्यांत पाणी का येतं?

कात्रज_बोगदा

नमस्कार मंडळी, इथे गाण्यातलं कळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

घरात बाबांमुळे शास्त्रीय कायम चालू असतं, मित्रांमुळे हिंदी-मराठी-इंग्लिश सगळंच कानावरून गेलंय, त्यामुळे गाणी ऐकायची सवय लहानपणापासूनची. पण हल्ली मी पोस्ट-रॉकमध्ये पार अडकलोय, म्हणजे रॉकचीच गिटार-ड्रम वगैरे वाद्यं, पण बहुतेक वेळा शब्दांशिवाय. एक्स्प्लोजन्स इन द स्काय म्हणून टेक्सासचा बँड आहे, त्यांचा 2003 चा 'द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस' हा अल्बम, पाचच ट्रॅक, साधारण पाऊण तास, अख्ख्या अल्बममध्ये कुणी एक अक्षर गात नाही. त्यातला शेवटचा 'युअर हँड इन माइन' हिंजवडीहून कंपनीच्या बसने येताना लावतो आणि वाकडच्या पुलाशी गाडी अडकलेली असते तेव्हा नेमकं ते दोन गिटार एकमेकांत मिसळायला लागतात आणि माझ्या घशात काहीतरी दाटून येतं, डोळे भरतात, आणि आयुष्यात सध्या दुःख वगैरे काही नाहीये बरं का, सगळं नीट चाललंय.

दुःखी शब्दांची गाणी ऐकून मला असं कधीच होत नाही. तिथे मी ऐकतो, वा म्हणतो, पुढे जातो.

आता खरा प्रश्न. माझा एक मित्र स्वतः गिटार वाजवतो, त्याचं म्हणणं ही नुसती युक्ती आहे, हळू सुरू करायचं, तेच तेच वाजवत राहायचं, मग ड्रम आणायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जोरात, कुणालाही काटा येईल. असं असेल तर दहाव्यांदा ऐकतानाही का होतं? पुढे काय येणार ते मला सेकंदासकट पाठ आहे की. आणि दुसरं म्हणजे बाबांना हे ऐकवायचंय, एकदा अर्धं ऐकून ते म्हणाले की यात चाल कुठेय, तर त्यांना नक्की काय लावून दाखवू?

फेडर_वर

साउंडचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने. तुझ्या मित्राने सांगितलेली युक्ती खरी आहे, पण युक्ती आहे म्हणून भावना खोटी हे मला अजिबात पटत नाही.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतला 2011 चा एक गाजलेला अभ्यास आहे, ज्यांना संगीत ऐकून हमखास काटा येतो अशा लोकांना त्यांच्याच आवडीचे तुकडे ऐकवून मेंदूचं स्कॅन केलं. त्यात दिसलं की मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, सुटतं ते दोन वेळा, वेगवेगळ्या भागांत. एकदा तो उत्कट क्षण येतो तेव्हा, आणि त्याच्या आधी, तो येणार येणार अशी चाहूल लागलेली असते तेव्हाही. आता तुझा प्रश्न परत बघ. पाठ असूनही का होतं? पाठ आहे म्हणूनच होतं! पुढचं माहीत असल्यामुळे तू आधीपासून वाट बघायला लागतोस, आणि वाट बघण्याचं सुख हे वेगळं सुख आहे. तीन मिनिटांच्या फिल्मी गाण्यात मुखडा पहिल्या अर्ध्या मिनिटात हातात देतात, इथे आठ-दहा मिनिटं थांबवून ठेवतात. वाट बघायला लावणं हेच या संगीताचं खरं काम.

दुसरी गोष्ट गिटारच्या आवाजाची. यातले गिटारवाले डिले आणि रिव्हर्ब भरपूर वापरतात. डिले म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकू येतो, मग परत, हळूहळू विरत जातो; रिव्हर्ब म्हणजे मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज. त्यामुळे नवीन सूर लागतो तेव्हा आधीचा अजून हवेत असतो. म्हणजे तू कुठल्याही क्षणी आत्ताचं आणि मघाचं एकत्र ऐकत असतोस. मला वाटतं ती जी हुरहूर आहे ना, काही घडलेलं नसताना काहीतरी आठवल्यासारखं वाटणं, त्यात याचा मोठा वाटा आहे. हे माझं मत, स्कॅनमध्ये नाही आलेलं.

आणि एक कळकळीची विनंती. बसमध्ये ऐक, पण एकदा घरी चांगल्या स्पीकरवर पण ऐक. या अल्बममध्ये बारीक आवाज आणि मोठा आवाज यातलं अंतर खूप असतं. बसच्या इंजिनात पहिली दोन मिनिटं बुडून जातात, मग आपण आवाज वाढवतो आणि शेवटी कान फाटतात. शिवाय आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय, त्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर हळू आवाजात पोस्ट-रॉक लावलं की त्यातला बेस आणि मोठा ड्रम जवळजवळ गायब होतो आणि मग समोरचा म्हणतो यात आहे काय.

मंद्र_षड्ज

कात्रज_बोगदा, मी तुझ्या बाबांच्याच पिढीतली असणार म्हणून अरेतुरे करते. सवाई गंधर्व रमणबागेत व्हायचा तेव्हापासून जाते आहे. माझ्या भाच्याने मला मोगवाई आणि मोनो हे पोस्ट-रॉकचे बँड ऐकवले, आधी आवाजाने दचकले, मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून लावले.

बाबांना सांग की चाल शोधू नका, आलाप शोधा. सतारीचा आलाप ऐकताना आपण तरी कुठे शब्द मागतो? तबला नाही, ताल नाही, एक माणूस अर्धा तास मंद्रात घुटमळतो, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेपर्यंत श्रोत्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि तो लागला की सगळा मांडव एकदम हं करतो. त्या हं मध्ये आणि तुझ्या बसमधल्या दाटून येण्यात मला तरी फरक वाटत नाही. भरतमुनींनी सात्त्विक भाव आठ सांगितले त्यात रोमांच आहे आणि अश्रूही आहेत, दोन्ही मनाने ठरवून न आणता येणारे. तेव्हा लाज बाळगू नकोस.

पण दोन्ही एकच असंही मी म्हणणार नाही, आणि हे मला कुणी बोललेलं दिसत नाही म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे 'आलाप', 'जोड', 'झाला' हे वाद्यावर राग मांडायचे एकामागून एक येणारे टप्पे, त्यात वाढते ती लय. विलंबितातून द्रुतात जातो. आवाज थोडाफार वाढतो, पण मुख्य वाढते ती गती. या मंडळींचं बहुतेक वेळा उलटं आहे. लय सुरुवातीला असते तीच शेवटी, निदान मी ऐकलेल्यांत तरी, आणि वाढतो तो आवाज, वाद्यांची दाटी. शिवाय आपला कलाकार एकेक सूर नव्याने उघडत जातो, तोच गंधार दर वेळी वेगळ्या वाटेने आणतो. हे लोक तेच चार कॉर्ड धरून बसतात आणि भोवतालचा प्रकाश बदलतात. म्हणून रागसंगीत ऐकून मला काहीतरी उलगडल्यासारखं वाटतं, आणि हे ऐकून काहीतरी अंगावर चालून आल्यासारखं. दोन्ही हवं.

अजून एक. मोनोचे गिटारवाले एकच सूर भराभर छेडत राहतात, त्याला ट्रेमोलो म्हणतात असं भाचा म्हणाला. मला लगेच संतूर आठवलं. संतूरचा सूर काठी पडली की लगेच विरतो, मग आलापी करायची कशी? शिवकुमार शर्मांनी कलम, म्हणजे तीच काठी, तारेवरून घासत नेऊन सलग नाद काढायचं तंत्र बसवलं. जपानमधल्या रॉक बँडपुढे आणि जम्मूच्या संतूरवादकापुढे प्रश्न एकच होता, तुटणारा सूर गळ्यासारखा लांबवायचा कसा. मला वाटतं आपलं मन तिथेच हलतं, वाद्य गाऊ बघतं तेव्हा.

तीनतारा

मंद्र_षड्ज ताई, लय आणि आवाजाचा मुद्दा एकदम पटला. पण मी जरा वेगळं बोलणार आहे कारण मला हे संगीत फार प्रिय आहे आणि म्हणूनच त्याचा साचा झालेला बघून त्रास होतो.

सुरुवातीला पोस्ट-रॉक म्हणजे हळू-मग-जोरात असं काही नव्हतंच. हा शब्द सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने 1994 मध्ये बार्क सायकोसिसच्या 'हेक्स' अल्बमवर लिहिताना रुळवला, आणि अर्थ काय होता तर रॉकचीच वाद्यं घ्यायची पण रॉकसाठी वापरायची नाहीत, गिटार रिफसाठी, म्हणजे परत परत येणाऱ्या ठसकेबाज तुकड्यासाठी, नाही तर नादाचा पोत तयार करायला. त्याच्याही आधी टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन' 1988 मध्ये आला, स्लिंटचा 'स्पायडरलँड' 1991 मध्ये. शिकागोच्या टॉर्टॉइजचा 1996 चा वीस मिनिटांचा 'जेड' ऐका, त्यात तो मोठा स्फोट येतच नाही, तरी ऐकून झाल्यावर खोली वेगळी वाटते.

मग मोगवाई, गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर यांनी तो चढ आणि स्फोट इतका ताकदीने केला की मागून आलेल्या शेकडो बँडनी फक्त तेवढंच उचललं. आज कुठलीही अशी प्लेलिस्ट लावा, एकच ट्रॅक नावं बदलून चाललाय असं वाटतं. चमचमणारं गिटार, मार्चसारखा स्नेअर ड्रम, सहाव्या मिनिटाला डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज. त्यामुळे कात्रज_बोगदा, तुझ्या मित्राची तक्रार खोटी नाहीये, फक्त तो चुकीच्या बँडवर काढतोय.

खरं आणि साचेबंद ओळखायची माझी एक कसोटी आहे. शेवटचा मोठ्या आवाजाचा भाग ऐकूच नका, आधीच बंद करा. जे उरलं ते स्वतःच्या पायावर उभं राहतं का बघा. 'युअर हँड इन माइन' राहतं, कारण ती गिटारची ओळ मुळातच गुणगुणता येते आणि तिथे मोठा स्फोट असा फारसा नाहीच, आणि बहुतेक सगळं मेजरमध्ये आहे, म्हणजे रडवायचं नेहमीचं दुःखी स्केलसुद्धा नाही. गॉडस्पीडच्या 2000 च्या 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स'मध्ये 'स्लीप' नावाचा तेवीस मिनिटांचा भाग आहे, त्याच्या सुरुवातीला एक म्हातारा माणूस न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या किनाऱ्याच्या जुन्या दिवसांबद्दल बोलतो, लोक पूर्वी तिथे कसे यायचे वगैरे, साधं बोलणं, मग तो थांबतो आणि पुढचं सगळं वाद्यं बोलतात. तिथे आवाज वाढतो त्याला कारण असतं. मागे एक माणूस उभा असतो. ज्याच्या मागे कुणीच नाही तो नुसता गोंगाट.

केवडा

मी गाण्यातली जाणकार नाही, ऐकणारी आहे, पण पहिल्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, शब्दांची गाणी ऐकून होत नाही आणि हे ऐकून का होतं, म्हणून लिहितेय.

माझा भाऊ गेला त्यानंतर मला गाणी ऐकवेनात. सगळी दुःखी गाणी कुणाची तरी असतात. प्रियकर सोडून गेला, गाव सुटलं, आई आठवते. शब्द आले की ते दुःख कुणाचं आणि कशाचं ते ठरून जातं आणि माझं त्यात मावायचं नाही. घरी भेटायला येणारी माणसंही बोलायचीच, मनापासून बोलायची, पण मला एक शब्द सहन व्हायचा नाही. त्या काळात कुणीतरी सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचा 2002 चा अल्बम दिला ज्याला नावच नाही, कव्हरवर फक्त दोन कंस आहेत. आठ गाणी, त्यांनाही नावं नाहीत. म्हणजे पूर्णपणे नुसती वाद्यं नाहीत, गायक गातो, पण ज्या भाषेत गातो ती भाषाच नाहीये, नुसते उच्चार, ते त्याला व्होन्लेन्स्का म्हणतात. आणि सोबतची पुस्तिका कोरी. ऐकणाऱ्याने त्यात स्वतःचं लिहावं म्हणून मुद्दाम कोरी ठेवलेली.

मी काही लिहिलं नाही त्यात. पण मला कुणी काही सांगत नव्हतं, कसं वाटायला हवं ते, आणि तरी कुणीतरी सोबत होतं. शेवटचं आठवं गाणं जवळजवळ बारा मिनिटांचं आहे, ते शेवटी अक्षरशः सगळं मोडून टाकतं, तेव्हा मला पहिल्यांदा मोठ्याने रडता आलं कारण माझ्या रडण्यापेक्षा त्याचा आवाज मोठा होता. फ्लॅट संस्कृतीत मोठ्याने रडायला जागा लागते हो, भिंतीपलीकडे शेजारी असतात.

म्हणून कात्रज_बोगदा, आयुष्यात दुःख नाहीये तरी का असं विचारतोस, तर मला वाटतं डोळ्यांत पाणी यायला दुःखच लागतं असं नाही. कुणीतरी आठ मिनिटं घाई न करता तुझ्यासाठी काहीतरी उभारतंय आणि तुझ्याकडून काही मागत नाहीये, हेही दिवसभर कॉल आणि डेडलाइनमध्ये घालवलेल्या माणसाला पुरेसं असेल.

पथक_ढोल

छोटंसं माझं. हे सगळं वाचून हसू आलं कारण पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने शब्दांशिवाय रडू का येतं विचारायचं म्हणजे! मी पथकात ढोल वाजवतो. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंनी उंच इमारती, मधे शंभराच्या वर ढोल, ताशाने इशारा केला की सगळे टोल एकदम पडतात आणि तो आवाज कानाने ऐकू यायच्या आधी छातीत लागतो. समोर उभ्या आज्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलंय मी, आणि आम्ही तर एकही शब्द म्हणत नाही. पोस्ट-रॉक फार ऐकलेलं नाही, पण फेडर_वर म्हणतात ते वाट बघणं आमच्याकडेही आहे. ताशा आधी एकटा कडकडतो, ढोलवाले टिपरू उचलून नुसते उभे असतात. ते काही सेकंद सगळ्यात भारी.

फेडर_वर

@पथक_ढोल एकदम बरोबर. खर्जाच्या लहरी अंगाला जाणवतात, त्या फक्त कानाचा विषय नाहीत, म्हणूनच या संगीताची लाइव्ह मजा वेगळी. पण दादा, कानात इअरप्लग घालून वाजवत जा, मनापासून सांगतोय, ऐकू येणं एकदा गेलं की परत येत नाही.

@केवडा तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. आवाज मोठा असण्याचं हे कारण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी कायम समजत होतो की मोठा आवाज ऐकणाऱ्याला दाबून टाकायला असतो. तुम्ही म्हणता तो ऐकणाऱ्याला झाकायला असतो.

कात्रज_बोगदा

सगळ्यांचे मनापासून आभार. केवडा ताई, तुमचं दोनदा वाचलं. शब्द आले की दुःख कुणाचं ते ठरून जातं, हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. तीनतारा, तुमची कसोटी काल लावून बघितली, माझ्या प्लेलिस्टमधले निम्मे ट्रॅक पडले. पण जे उरले ते अजून आवडायला लागले.

बाबांचं सांगा ना पण. त्यांना गिटारचं डिस्टॉर्शन सहन होत नाही, आणि हिंदी शब्द असलेलं चालेल का? अहमदाबादहून सुरू झालेल्या ॲज वी कीप सर्चिंग या बँडचा 2017 चा 'झिया' अल्बम माझ्याकडे आहे, त्यात मधेमधे हिंदी गायलंय.

मंद्र_षड्ज

थेट तिकडे नेऊ नकोस. आधी त्यांच्याच घरातून सुरू कर. 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याकडे असणारच, 1967 ची, संतूर शिवकुमार, बासरी हरिप्रसाद, आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. गिटार, लक्षात घे! काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, वेळेप्रमाणे राग, आणि एक शब्द नाही. ती लाव, दोघं मिळून ऐका, मग सांग की आता मी याच्या पुढचं लावतो. त्या तबकडीत त्यांनी गोष्ट ऐकलेली आहे, चाल नव्हे, हे त्यांचं त्यांना जाणवेल.

मग मोनो लाव. त्यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्कला ऑर्केस्ट्रासोबत कार्यक्रम केला होता त्याचं रेकॉर्डिंग आहे, 'होली ग्राउंड'. व्हायोलिनं आहेत म्हणून गिटारचा कर्कशपणा टोचत नाही. त्या वाद्यवृंदाचं नावच मुळी वर्डलेस म्युझिक ऑर्केस्ट्रा आहे.

तीनतारा

ताई, पहिलं एकदम मान्य. दुसऱ्याला माझा विरोध आहे, मोनो पहिल्याच दिवशी फार भव्य होतं, शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाला ते सिनेमाचं पार्श्वसंगीत वाटायची भीती आहे आणि एकदा तसा शिक्का बसला की मग बाबा ऐकणार नाहीत. मी 'स्पिरिट ऑफ ईडन' लावेन. त्यात गाणारा आहे हे खरं, पण शांततेला जी जागा दिलीय ती आपल्या बैठकीतल्यासारखी आहे, एक सूर लावायचा आणि तो पूर्ण विरेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. किंवा 'मोगवाई फिअर सेटन', 1997 च्या 'यंग टीम'मधला, सोळा मिनिटं, मोजकेच कॉर्ड, पण मधे बासरी आहे, पाश्चात्त्य फ्लूट. डिस्टॉर्शन आहे, मात्र बासरीसाठी ते थांबतील.

फेडर_वर

काहीही लाव, पण ट्रॅक मधे बंद करू नकोस, शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळवणं) दोन्ही बंद कर, आणि पहिल्या दोन मिनिटांत आवाज वाढवू नकोस कितीही मोह झाला तरी. बाबा मधे काही बोलले तर बोलू दे, सवाईला पण लोक बोलतात. ऐकून झालं की इथे सांग काय म्हणाले, मला मोगवाईचं जास्त कुतूहल आहे.